हुतात्मा चौक : दगडावरची नावं आणि आपली नावं

हातातलं काम चालू ठेवा, भाकरी तव्यावर असेल तर ती आधी उलटा, आणि कान मात्र इकडे द्या. आज आपण मुंबईतल्या एका चौकात फिरून येणार आहोत. तिकीट नाही, गर्दी नाही, पाय दुखणार नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटानं मुंबईला सरस प्रदर्शनात स्टॉल लावला होता. शेवटच्या दिवशी माल संपला आणि दुपारचे तीन-चार तास हाताशी आले. सहा जणी निघालो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि गेटवे बघायला पायीच चालू लागलो. वाटेत एक मोठा चौक लागला. मधे पांढऱ्या दगडाचं कारंजं, त्याच्या शिरावर एक बाई उभी. आणि जवळच उंच चौथऱ्यावर दोन माणसं, एक शेतकरी आणि एक कामगार, हातात मशाल धरलेली. मी म्हटलं, "हा हुतात्मा चौक. एक मेला मुख्यमंत्री इथं फुलं वाहतात, ते टीव्हीवर बघता ना, तोच."

आमच्यातल्या आक्कांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "शेतकरी हाय, कामगार हाय. शेतकरीण कुठं हाय गं? आन् ती वर उभी हाय ती बाई कोण?"

मला पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही आणि दुसऱ्याचं अर्धंच माहीत होतं. घरी आल्यावर पुस्तकं काढली, वाचलं, दोन जाणत्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते आज तुम्हाला सांगते.

वेस गेली, नाव राहिलं

आपल्या गावाला जशी वेस असते, तशी जुन्या मुंबईलाही होती. इंग्रजांनी मुंबईत किल्ला बांधला, त्याला तटबंदी केली आणि तीन मोठे दरवाजे ठेवले. एक अपोलो गेट, एक बाजार गेट आणि एक चर्च गेट. तिसऱ्या दरवाजातून आत गेलं की सरळ रस्ता सेंट थॉमस चर्चला जायचा. हे चर्च १७१८ साली उघडलं, आजही तिथं उभं आहे. चर्चकडे नेणारा दरवाजा म्हणून चर्चगेट.

१८६२ साली सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले. शहर वाढत होतं, तटाच्या आत माणसं मावत नव्हती. फ्रियर यांच्या काळात तट पाडायला घेतला, दरवाजे गेले. चर्चगेट जिथं होतं त्याच जागी आजचा हा चौक आहे. दरवाजा जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली, पण लोकलच्या स्टेशनाला अजून चर्चगेटच म्हणतात. नावं अशी चिवट असतात बघा. भिंत पडते, नाव पडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

कारंज्यावरची बाई

आता आक्कांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कारंज्यावर उभी आहे ती फ्लोरा. रोमन लोकांची फुलांची, वसंताची देवता. तिच्यावरून कारंजाला फ्लोरा फाउंटन म्हणतात. १८६४ साली ते बांधलं. दगड इथला नव्हे, पोर्टलंड नावाचा दगड विलायतेहून जहाजानं आणला. आराखडा नॉर्मन शॉ यांचा आणि मूर्ती घडवली जेम्स फोर्सिथ यांनी. खर्च आला ४७ हजार रुपये. त्यातले २० हजार कर्सेटजी फर्दूनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले.

गंमत म्हणजे हे कारंजं इथं यायचंच नव्हतं. ते भायखळ्याच्या बागेत, म्हणजे आपण जिला राणीची बाग म्हणतो तिथं लावायचं ठरलं होतं. शेती आणि बागायतीचं काम करणाऱ्या एका संस्थेनं ते घडवून घेतलं. नावही फ्रियर साहेबांचं द्यायचं घाटत होतं. शेवटी जागाही बदलली आणि नावही बदललं. साहेबाचं नाव मागे पडलं, फुलांची देवी राहिली.

पण एवढा पैसा तेव्हा मुंबईत आला कुठून? इथं आपला, म्हणजे खेड्यातल्या माणसांचा, संबंध येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. विलायतेतल्या कापडगिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग त्यांनी इकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला आणि भाव आभाळाला भिडला. मुंबईत पैशाचा पूर आला. नवीन बँका निघाल्या, नवीन कंपन्या निघाल्या, समुद्रात भराव घालायच्या योजना निघाल्या. १८६५ साली युद्ध थांबलं आणि भाव धाडकन कोसळले. अनेक बँका बुडाल्या, मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. आपल्याला हे काही नवं नाही. भाव चढला की शहरात इमारती उभ्या राहतात, भाव पडला की खेड्यात कर्ज उभं राहतं.

कापूस वेचणं हे आपल्याकडे बायकांचं काम. बोंडातला कापूस काढताना बोटांना चिरा पडतात, हे ज्या करतात त्यांनाच ठाऊक. त्या कापसाच्या पैशानं गजबजलेल्या शहरात, त्या भरभराटीच्या दिवसांत ही फुलांची देवी उभी राहिली. वेचणाऱ्या बाईचं नाव त्या चौकात कुठं असायचं कारण नव्हतं.

दोन आयांची नावं

चौकातून समुद्राच्या बाजूला चालत गेलं की एक उंच मनोरा दिसतो. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. १८७८ साली तो पुरा झाला. कापसाच्या व्यापारात नाव कमावलेले प्रेमचंद रायचंद यांनी आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. एकच इच्छा सांगितली, मनोऱ्याला माझ्या आईचं नाव द्या. आईचं नाव राजाबाई.

या मनोऱ्याची एक गोष्ट सांगतात. राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्या जैन होत्या, दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम होता. वेळ कुणाला विचारायला लागू नये, घड्याळाच्या टोल्यावरून आपली आपल्याला कळावी, म्हणून लेकानं हे घड्याळ उभं केलं. गोष्ट खरी असो वा लोकांनी सजवलेली, दिसत नसलेल्या बाईला कुणावर अवलंबून न राहता वेळ कळावी, ही कल्पनाच मला फार आवडली.

आणखी पुढं, चर्चगेट स्टेशनाच्या अंगाला गेलात की एसएनडीटी विद्यापीठ लागतं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली बायकांसाठी काढलेलं विद्यापीठ. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ किती जणींना माहीत आहे? श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली या विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. म्हणजे एका चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर दोन आयांची नावं आहेत. चांगलंच झालं. पण ती नावं लागली कशी, तेही बघा. लेकाजवळ पैसा होता म्हणून. ज्यांच्या लेकांजवळ पैसा नव्हता, त्या आयांचं काय?

रखमाबाईंचा खटला

राजाबाई टॉवरला लागूनच मुंबई उच्च न्यायालय आहे. काळ्या दगडाची भव्य इमारत, तीही १८७८ साली पुरी झाली. इथंच १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पण टिळकांच्या आधी वीस-बावीस वर्षं याच उच्च न्यायालयात एका बाईचा खटला गाजला होता, तो पुस्तकात फारसा येत नाही.

ती बाई म्हणजे रखमाबाई. जन्म १८६४ सालचा. म्हणजे फ्लोरा फाउंटनच्या आणि तिच्या वयात अंतर नाही. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं. पण ती सासरी नांदायला गेली नाही, आईजवळ आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याजवळ राहिली, वाचत राहिली. मोठी झाल्यावर तिनं सांगितलं, हे लग्न मी समजून-उमजून केलेलं नाही, मला नांदायला जायचं नाही. १८८४ साली नवऱ्यानं कोर्टात दावा लावला, माझी बायको माझ्या ताब्यात द्या.

पहिला निकाल तिच्या बाजूनं लागला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे म्हणाले, लहानपणी लावलेल्या लग्नावरून मोठ्या बाईला तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या घरी पाठवता येणार नाही. मग अपील झालं, खटला फिरला. मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींनी हुकूम दिला, एक तर नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी उत्तर दिलं, मी तुरुंगात जाईन.

मैत्रिणींनो, तेव्हा तिचं वय होतं बावीस वर्षांचं. अख्ख्या शहरात, वर्तमानपत्रांत, पार विलायतेपर्यंत चर्चा झाली. तिला नावं ठेवणारे पुष्कळ होते, त्यांत मोठी मोठी माणसंही होती. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या, आणि सुरत व राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य घालवलं. १८९१ साली सरकारनं संमतीवयाचा कायदा केला, मुलीचं वय दहावरून बारा केलं. त्या कायद्याच्या मागे ज्या गोष्टी होत्या त्यांत रखमाबाईंचा खटला ही एक मोठी गोष्ट होती.

दहावरून बारा! आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण आपल्या गावात कुणाचं तरी लग्न अठराच्या आत ठरतंय हे कानावर आलं की आपण काय करतो? लग्नाची पत्रिका घेतो आणि अक्षता टाकायला जातो. रखमाबाईंच्या बाजूनं उभं राहायला तेव्हा थोडीच माणसं होती. आज आपल्या मागे कायदा आहे, ग्रामसेवक आहे, अंगणवाडीताई आहे, एक हजार अठ्ठ्याण्णव हा फोन नंबर आहे. तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

रखमाबाई नव्वद वर्षं जगल्या. सप्टेंबर १९५५ मध्ये त्या गेल्या. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी या चौकाचं नाव बदलून टाकणारी घटना घडली.

२१ नोव्हेंबर १९५५

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. मुंबई राज्य होतं, त्यात मराठी, गुजराती, कानडी असे सगळे मुलूख. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात. भाषेप्रमाणे राज्यं करा, ही मागणी देशभर होती. मराठी माणसांचं म्हणणं होतं, आमचं एक राज्य करा आणि मुंबई त्याची राजधानी करा. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि ही मागणी त्यात मान्य झाली नाही. त्यानंतर मुंबई शहर वेगळं काढायचा प्रस्ताव पुढं आला.

मुंबईतल्या गिरण्यांत तेव्हा लाखो माणसं काम करत होती. त्यातली कितीतरी कोकणातली, सातारा-सांगली-कोल्हापूरकडची, देशावरची. ती कोण होती? तुमच्या-माझ्या घरातलीच. आजोबा, आजेसासरे, चुलते. ते खोलीत दहा-बारा जण मिळून राहायचे, खानावळीत जेवायचे आणि गावी मनीऑर्डर पाठवायचे. बायका गावाकडे शेत बघायच्या, पोरं वाढवायच्या, म्हाताऱ्यांचं करायच्या. शाहीर अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड याच माणसाची आहे, आणि गावी राहिलेल्या त्याच्या बायकोची. ती याच चळवळीतली. ताटातूट झालेल्या नवरा-बायकोच्या गोष्टीतून शाहिरांनी तुटलेल्या मराठी मुलखाचं दुःख सांगितलं. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर यांचे डफ मुंबईत वाजले आणि गावोगाव ऐकू गेले.

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत संप झाला. विधानसभेची जागा तेव्हा या चौकाच्या दक्षिणेला, जवळच होती. तिथं जायला निघालेले लोक फ्लोरा फाउंटनपाशी जमले. पोलिसांनी अडवलं. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला आणि मग गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली. तेव्हा मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते.

दोन महिन्यांनी, १६ जानेवारी १९५६ ला, पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून घोषणा केली, मुंबई केंद्र सरकारच्या ताब्यात राहील. आज आपण रेडिओवर गप्पा मारतो, पण त्या दिवशी रेडिओवरचं एक वाक्य ऐकून शहर पेटलं. पुढचे काही दिवस गोळीबार होत राहिले, सगळ्यांत जास्त माणसं तेव्हाच गेली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. फेब्रुवारीत पुण्याला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एका झेंड्याखाली आले. नोव्हेंबर १९५६ मध्ये गुजराती आणि मराठी असं मिळून मोठं द्विभाषिक राज्य केलं, पण लोकांचं समाधान झालं नाही. १९५७ च्या निवडणुकीत समितीनं मोठं यश मिळवलं. आणि अखेर १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, मुंबईसह. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. गोळीबार झाला त्या चौकाला हुतात्मा चौक नाव मिळालं आणि मशाल घेतलेले शेतकरी-कामगार तिथं उभे राहिले.

या लढ्यात बायका नव्हत्या का? होत्या. अहिल्याताई रांगणेकरांसारख्या कार्यकर्त्यांनी मुंबईतल्या वस्त्यांमधून बायकांना संघटित केलं, मोर्च्यात उतरवलं. याच अहिल्याताई पुढं मृणालताई गोऱ्यांबरोबर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मोर्च्यात गेलेल्या बायका फोटोत दिसतात, पण पुतळ्यात दिसत नाहीत.

यादीतली नावं

शाळेत आपण १०५ हुतात्मे असं शिकलो. पुढं नोंदींत भर पडून आता १०६, १०७ असं म्हणतात. ही नावांची यादी एकदा सावकाश वाचण्यासारखी आहे. मराठी राज्यासाठी गेले म्हणून सगळी मराठी नावं असतील असं वाटतं. पण त्यात सीताराम पवार आहेत तसे जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल शेठ आहेत, झेवियर आहेत, वेदीसिंग आहेत. गोळी जात-धर्म बघत नाही, आणि न्यायाची मागणीही एकट्या एका जातीची नसते.

यादी वाचत खाली गेले आणि एका नावापाशी थांबले. कमलाबाई मोहिते, निपाणी.

बायांनो, मला वाटलं होतं बाईचं नाव सापडणार नाही. सापडलं. आणि गाव कुठलं? निपाणी. निपाणी आज कर्नाटकात आहे, बेळगाव जिल्ह्यात. ज्या राज्यासाठी कमलाबाई गेल्या, ते राज्य झालं, पण त्यांच्या गावापर्यंत आलं नाही. मुंबईच्या चौकात दरवर्षी एक मेला आणि एकवीस नोव्हेंबरला फुलं वाहतात, त्यातलं एक फूल त्यांचंही आहे. पुढच्या वेळी टीव्हीवर बघाल तेव्हा हे नाव मनात घ्या.

आणि यादीत ज्यांची नावं नाहीत त्यांचाही विचार करा. गेलेल्या प्रत्येक गिरणी कामगाराच्या मागे गावी एखादी आई होती, एखादी बायको होती. मनीऑर्डर बंद झाल्यावर तिनं शेत कसं केलं, पोरं कशी शिकवली, हे कुठल्या दगडावर लिहिलेलं नाही. आमच्या आक्कांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. शेतकरीण होती. पुतळा करताना ती कुणाच्या डोळ्यांसमोर आली नाही, एवढंच.

पुतळा राहू दे, उतारा काढा

मी हे आक्कांना सांगितलं. त्यांना काही फार नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "पुतळ्याचं राहू दे गं. माझ्या सातबाऱ्यावर तरी मी कुठं हाय?"

मुद्दा तोच आहे. मुंबईच्या चौकातला पुतळा आपल्याला बदलता यायचा नाही. पण तलाठ्याकडचा कागद आपल्या गावात आहे, हाताच्या अंतरावर. पेरणी आपण करतो, खुरपणी आपण करतो, कापणी-मळणी आपण करतो. उताऱ्यावर मात्र नाव नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, नुकसानभरपाई आपल्या खात्यात नाही, आणि उद्या घरातून बाहेर पडायची वेळ आली तर पायाखाली जमीन नाही.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भाऊबीजेच्या साडीवर हक्कसोडपत्राची सही देण्याआधी कागद वाचून घ्या, कुणाकडून तरी वाचवून घ्या. दुसरी, नवऱ्याची तयारी असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली शेताच्या उताऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. ही सोय १९९२ पासून आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्यासाठी गावोगाव मोहीम काढली होती. तिसरी, ग्रामपंचायतीत जाऊन घराचा उतारा बघा, त्यावर दोघांची नावं आहेत का ते विचारा.

आणि एक नवी गोष्ट. १ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लावायचा नियम झाला आहे. तारीख बघा, महाराष्ट्र दिनाची! राजाबाई आणि नाथीबाई यांचं नाव लागायला लेकाला लाखो रुपये मोजावे लागले. आता कुठल्याही आईचं नाव लेकराच्या जन्माच्या दाखल्यावर येतं, फुकट. पण येतं का ते तपासायला हवं. गटात ज्यांच्या घरी नातवंडं झाली आहेत त्यांनी दाखला काढून बघा.

जाल तेव्हा

मुंबईला कधी गेलात तर हा चौक चुकवू नका. सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी रस्त्यानं सरळ चालत गेलात की दहा-पंधरा मिनिटांत येतो. वाटेत दादाभाईंचा पुतळा दिसेल. चर्चगेटला उतरलात तर वीर नरिमन रस्त्यानं या. कारंजं गेल्या काही वर्षांत दुरुस्त करून पुन्हा सुरू केलं आहे. २०१७ साली तिथं खोदकाम करताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईत पहिल्यांदा घोड्यांची ट्राम धावली १८७४ साली, मग विजेची आली, १९६४ साली बंद झाली. रूळ मात्र रस्त्याच्या पोटात तसेच होते. चौकात पुस्तकं विकणारे बसतात, पोरांसाठी एखादं पुस्तक घ्या. कारंज्याजवळ जरा उभ्या राहा. इथं वेस होती, इथं कापसाचा पैसा खेळला, जवळच रखमाबाईंना शिक्षा ऐकवली गेली, इथं गोळ्या झाडल्या गेल्या, हे आठवा.

आणि कुणी "बायकांचं काय काम चौकात" असं म्हणालं, तर कमलाबाई मोहिते यांचं नाव सांगा. आपल्या गावात चौक आहे, पार आहे. तिथून जाताना आपण पदर सावरतो आणि पावलं भरभर टाकतो. पारावर बसायला आपल्याला कुणी कायद्यानं अडवलेलं नाही, सवयीनं अडवलंय. एक मेला गावोगाव ग्रामसभा होते. त्याच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. घेतली म्हणून कागदावर सह्या होतात, पण ती खरी घ्या. सगळ्या जणी मिळून चौकातून चालत जा, एकेकटीनं कडेकडेनं नको.

आता नेहमीप्रमाणे गटात बोलण्यासाठी तीन प्रश्न देते. तुमच्या गावातल्या रस्त्याला, शाळेला, सभागृहाला कुणाकुणाची नावं आहेत, आणि त्यात बायकांची किती? तुमच्या घरातलं कुणी गिरणीत होतं का, आणि त्या काळात घरची बाई कशी राहिली? आजी-सासूबाई असतील तर त्यांना आजच विचारा, त्यांच्यानंतर सांगणारं कुणी नाही. आणि तिसरा, तुमच्या गटातल्या किती जणींचं नाव शेताच्या किंवा घराच्या उताऱ्यावर आहे? आकडा मोजून लिहून ठेवा. पुढच्या एक मेला तो पुन्हा मोजू.

आक्कांचं सांगायचं राहिलं. मुंबईहून आल्यावर महिनाभरात त्यांनी मालकांना तलाठ्याकडे नेलं. मालक आधी कुरकुरले, मग म्हणाले, चल बाई, एवढी मुंबई बघून आलीस तर. अर्ज दिला आहे. उतारा हातात आला की पेढे घेऊन याच केंद्रावर येणार आहेत. तेव्हा त्यांच्याच तोंडून ऐकू.

येते मैत्रिणींनो. तव्यावरची भाकरी करपली नसेल अशी आशा करते. नमस्कार.